पादस्नान संच : खानापूर, वडगाव, निपाणी (प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४

पाळीत ओटीपोटात कळा येणाऱ्या आणि पाय कायम गार पडणाऱ्या बायकांसाठी घरच्या घरी जमेल असे औषधी पादस्नान बसवायचे आहे. एका वेळचा सुका पाला पिशवीत, मीठ वेगळ्या पुडीत आणि सोबत एका पानाचे पत्रक, एवढाच संच. वापर बेळगाव जिल्ह्यात तीन ठिकाणी होणार: खानापूर तालुक्यातली भातलावणीची गावे, शहापूर-वडगावचे माग आणि निपाणीतली बिडी वळणारी घरे. तिन्हीकडे पायांची गत निराळी आहे. लावणीत पाय दिवसभर गार चिखलात असतात, मागावर तासन्‌तास उभे राहावे लागते आणि बिडीला सूप मांडीवर घेऊन एका जागी बसावे लागते. त्यामुळे पाला एकच ठेवला तरी पाण्याची ऊब आणि बसण्याची रीत ठिकाणाप्रमाणे बदलेल.

ही पद्धत दोन परंपरांतून येते. काढ्यात अंग बुडवून शेक घेणे हे चरकसंहितेतल्या तेरा स्वेदप्रकारांपैकी एक आहे, अवगाहन. चीनमध्ये पाळीच्या दुखण्यासाठी पाय भिजवताना दवण्याच्या कुळातला एक पाला, आले आणि करडईच्या पाकळ्या वापरतात. निर्गुंडी आणि आले आपल्या बाजूचे, करडईच्या पाकळ्या त्यांच्या बाजूच्या. करडई आपल्या पूर्वेकडच्या काळ्या रानात तेलासाठी पिकतेच, पाकळ्या मात्र कुणी गोळा करत नाही.

६ जून

पत्रकात काय लिहायचे यावरून आधी पायात नेमके काय होते ते स्पष्ट करून घेतले.

पाळीच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळतो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ उठते. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड या दुखण्याच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणेच कमी करतात, म्हणून कळा सुरू होताच घेतलेली गोळी उशिरा घेतलेल्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. उष्णतेचे काम वेगळे आहे. २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात पोटावर सुमारे ३९ अंशांचा सतत शेक आयब्युप्रोफेनच्या तोडीचा ठरला होता. तो शेक पोटावरचा होता, पायावरचा नव्हे, हे विसरून चालणार नाही.

पायाच्या तळव्यात धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. पाय गरम झाले की त्या उघडतात, गरम रक्त अंगभर फिरते, अंग सैल पडते आणि झोप लवकर लागते. तळव्याची कातडी जाड असते, तिथे केसांची मुळेही नसतात. पाल्यातले औषध त्यातून रक्तात उतरून कळा थांबवते, याला आधार नाही. आले पोटात घेतले तर पाळीच्या दुखण्यावर उपयोग होतो असे अभ्यास आहेत, पण तळव्यावरच्या आल्याला तोच हिशेब लावता येत नाही.

म्हणजे खरे काम ऊब करते. पाला वास देतो, कातडीला हलकी चुणचुण देतो आणि वीस मिनिटे शांत बसायला निमित्त देतो. याचा अर्थ पाला टाकून द्यावा असा नाही, पण आमची बहुतेक मेहनत पाणी ४० ते ४२ अंशांत वीस मिनिटे टिकवण्यावर जाईल.

१० जून

भांडी तपासली.

साधी १६ लिटरची बादली : तळ अरुंद. पाऊल सपाट बसत नाही, टाच टेकते आणि बोटे वर वाकतात, दहा मिनिटांत पोटरीत गोळा येतो. पाळीत आधीच कंबर धरलेली असते, त्यात हे नको.

घमेले : पाऊल बसते, पण पाणी घोट्याच्या वर येत नाही आणि उथळ पाणी झपाट्याने निवते.

पंधरा किलोचा तेलाचा डबा : खोली भरपूर, पण कापलेली कड पायाला लागते आणि पत्र्यातून ऊब पळते. रंगाचा रिकामा डबा कितीही घासला तरी घ्यायचा नाही.

पसंत पडला तो लांबट प्लास्टिकचा टब, तळाची लांबी ३५ सेंटिमीटरच्या वर आणि खोली किमान २५. त्यात ८ लिटर पाणी घातले आणि दोन्ही पाय सोडले की पाणी घोट्याच्या वर चार बोटे येते. पाय पाणी सारतात, म्हणून टब काठोकाठ भरायचा नाही. टब नसेल तिथे दोन बादल्या, प्रत्येकीत एक पाय.

बसायला पाट नको. पाटावर गुडघे पोटापर्यंत येतात, ओटीपोट दाबले जाते आणि मांडीच्या सांध्यात पायाकडे जाणारे रक्तही अडते. साधी खुर्ची हवी, पाठ टेकता येईल अशी. पोटावर गरम पाण्याची पिशवी धरायलाही खुर्चीच बरी.

११ जून

थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची मोजपट्टी ४२-४३ अंशांवर संपते आणि काचेचा असेल तर गरम पाण्यात फुटतो. स्वयंपाकात वापरतात तो सळईचा डिजिटल घ्यायचा. आणला की दोन ठिकाणी तपासायचा: बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून (० दाखवायला हवे) आणि खळखळ उकळत्या पाण्यात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळते. शंभर दाखवत नाही म्हणून थर्मामीटर बिघडला असे समजून परत करू नये.

थर्मामीटर नसेल त्या घरी कोपर बुडवून पाहायचे, हात नाही. रोज चुलीवरची भांडी उचलणाऱ्या हाताला ४५ अंशही कोमट लागतात. अनवाणी चालून घट्ट झालेल्या तळव्याचाही भरवसा नाही.

वरची मर्यादा ४३ ठरली. ४४ अंशांचे पाणीसुद्धा खूप वेळ लागून राहिले तर कातडी भाजते आणि ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात. गच्चीवरच्या सोलरचे पाणी सहज ५५-६० असते, ते नळासारखे थेट टबात सोडायचे नाही. सोलरचे ५८ अंशांचे आणि नळाचे २२ अंशांचे पाणी असेल तर ४२ अंशांसाठी साडेचार लिटर गरम आणि साडेतीन लिटर गार. गार आधी ओतायचे, गरम नंतर.

१७ जून

निर्गुंडी. येळ्ळूर आणि मार्कंडेय नदीच्या काठाने कुंपणाला भरपूर आहे. ओळख: एका देठावर हाताच्या बोटांसारखी पाच पाने (कधी तीन), वरून हिरवी, खालून राखी-पांढरट लव, फुले निळी-जांभळी, चुरगळले की उग्र वास. पाने नेहमी तीनच दिसली तर ती सख्खी जात असू शकते, थांबून फुलासकट फांदी आयुर्वेद महाविद्यालयात दाखवून घ्यावी.

उसाच्या बांधावरचा पाला घ्यायचा नाही, तणनाशकाची फवारणी तिथवर पोचते. रस्त्याकडेचाही नाही. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरून काहीही तोडायचे नाही. कुंपणाला एवढे उगवत असताना जंगलात जायचे कारणही नाही. कोवळे शेंडे सोडून मधली पाने तोडायची, झुडूप पुन्हा फुटते.

२० जून

मूळ नुस्खा (एक वेळ, ८ लिटर पाणी) :

निर्गुंडीचा सुका पाला ४० ग्रॅम (ताजा असेल तर १५० ग्रॅम), सुंठेची भरड १५ ग्रॅम (ताजे आले असेल तर ५० ग्रॅम, ठेचून), ओवा १० ग्रॅम, जाडसर कुटलेला. खडे मीठ ८० ग्रॅम, वेगळ्या पुडीत.

कृती. स्टीलच्या पातेल्यात २ लिटर पाणी, त्यात आले किंवा सुंठ, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे. मग निर्गुंडी आणि ओवा घालून पाच-सात मिनिटे, झाकण न काढता. या दोघांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो, उघड्यावर पाऊण तास उकळले तर वास स्वयंपाकघरात आणि पातेल्यात नुसता तुरट काढा उरतो. गॅस बंद करून पाच मिनिटे मुरू द्यायचे, गाळायचे, टबातल्या ६ लिटर गार पाण्यात ओतायचे आणि मीठ शेवटी घालायचे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मीठ घातलेला काढा ठेवायचा नाही, भांडे काळे पडते.

गाळल्यावर हाती साधारण १.७ लिटर काढा लागतो, तोवर तो ८८-९० अंशांवर आलेला असतो. नळाचे पाणी २४ अंश असेल तर टबातले मिश्रण ३८ च्या आसपास येते. ते बरेच आहे. गारठलेले पाय एकदम ४२ अंशांत घातले तर झोंबते, पाय लाल होतात आणि दोन मिनिटांत बाहेर येतात. सुरुवात ३८ ला करावी आणि पाचव्या मिनिटापासून चढवत न्यावे.

२४ जून

सुंठेची भरड रव्याएवढी हवी. बारीक पूड कापडातून झिरपते, टबाच्या तळाशी बसते आणि टाचेच्या भेगांत शिरून आग करते. ओव्याचेही तेच, त्यातला थायमॉल फाटलेल्या कातडीला सोसत नाही. भेगा खोल असतील तर ओवा वगळून नुसती निर्गुंडी आणि अर्धी सुंठ.

मांजरपाटाच्या पिशव्या शिवून पाहिल्या. विण घट्ट असल्याने काढा उतरत नाही आणि मधला पाला कोरडाच राहतो. मलमल घेतली. पिशवी १५ बाय २० सेंटिमीटर, भरायची एक तृतीयांशच, कारण भिजल्यावर पाला फुगतो. काठोकाठ भरलेली पिशवी उकळताना दोऱ्याच्या गाठीशी फाटते.

२ जुलै

पाणी किती लवकर निवते ते घड्याळ लावून पाहिले. उघडा टब, ४२ अंशांवरून वीस मिनिटांत ३७ च्या खाली. म्हणजे शेवटची दहा मिनिटे पाय अंगाच्याच उबेच्या पाण्यात असतात, त्याला शेक म्हणता येत नाही.

उतार सारखा नसतो. पहिल्या पाच मिनिटांत दीड-दोन अंश जातात, ते हवेत नाही, पायांत. गार पडलेले दोन पाय स्वतःच तेवढी ऊब पितात. नंतरची गळती मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावरून, वाफेने. त्यामुळे टबाभोवती पोते गुंडाळण्याआधी वरचे तोंड झाकणे महत्त्वाचे आहे. जाड टॉवेल गुडघ्यांवरून टबाच्या कडेपर्यंत सोडायचा, त्यावर जुनी गोधडी. नंतर बाहेरून गोणपाट आणि खाली वर्तमानपत्राची जाड घडी. शहाबादी फरशीवर नुसता टेकलेला टब खालूनही निवतो.

झाकून आणि गुंडाळून वीस मिनिटांनी ३९ च्या वर राहते. मध्ये एकदा भर घातली की काम झाले. थर्मासमधले ८५ अंशांचे अर्धा लिटर पाणी ८ लिटरला साधारण अडीच अंश चढवते. भर घालताना दोन्ही पाय बाहेर काढून टबाच्या कडेवर ठेवायचे, पाणी ओतून ढवळायचे, मोजायचे आणि मग पाय आत. पाय आत ठेवून कडेने हळूच ओतू म्हणणाऱ्यांनाच चटके बसतात. गरम पाणी लगेच मिसळत नाही, वरच्या थरात राहते आणि नेमके घोट्याला लागते.

९ जुलै

लावणीच्या गावांत पादस्नानापेक्षा चिखल्यांचे काम जास्त निघाले. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोललेली असेल तर पाय भिजवायचेच नाहीत, आधी कोरडे करायचे. ओल्यात आणखी ओल घालून बुरशी वाढते. बेचके पुसून, पंख्याखाली वाळवून, बुरशीचे मलम, आणि भरेपर्यंत पोटावरचाच शेक.

१८ जुलै

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात पाला वाळवणे अशक्य. ओलसर पाला पिशवीत भरला की आठवडाभरात पांढरी बुरशी आणि कुबट वास. पाला वाळवण्याचे काम मार्च ते मेमध्येच उरकायचे, सावलीत, चार-पाच दिवस. एक किलो ताज्या पाल्याचा तीनशे ग्रॅमच्या आत सुका पाला होतो. पान मोडताना चुरा व्हायला हवे. वाकले तर ओल आहे. जुलैत लागलाच तर ताजा पाला वापरायचा, १५० ग्रॅमच्या मापाने.

५ ऑगस्ट

करडईच्या पाकळ्यांची वाटणी: ८ ग्रॅम, वेगळ्या मलमलीच्या पुरचुंडीत, काढा गाळल्यावर टबात सोडायची. पिवळा रंग पाण्यात लगेच उतरतो, नखांच्या कडा किंचित पिवळ्या होतात आणि टॉवेल कायमचा रंगतो. हळदही याच कारणाने घेतली नाही.

करडई आणि दवणा दोन्ही शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले. गाजरगवताने अंगाला खाज येणाऱ्यांना (आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात तेच) या कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीही बाधू शकतात. बांधावर काम करणाऱ्यांत ही खाज काही दुर्मीळ नाही. म्हणून पत्रकात पहिला प्रश्न हाच: गाजरगवत अंगाला लागते का? लागत असेल तर करडईची पुरचुंडी बाजूला. चैत्रात जोतिबाला वाहिलेला दवणा घरात वाळून पडलेला असतो आणि तो टबात टाकायचा मोह होतो, तिथेही हाच नियम.

पोटात घेताना करडईची पाकळी गरोदरपणी वर्ज्य मानतात. पायातून काही जाणार नाही हे खरे, तरी दिवस गेल्याची शंका असेल तर पाकळी, पाला काहीच नको, नुसते कोमट पाणी. आणि पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ आली तर ते पादस्नानाचे काम नव्हे, त्याच दिवशी दवाखाना.

१२ ऑगस्ट

मोहरीची पूड वापरावी का, असे विचारणारे बरेच आहेत. युरोपात गार पायांसाठी मोहरीचे पादस्नान जुनेच. मोहरीचा तिखटपणा बनवणारे विकर (एन्झाइम) उकळत्या पाण्यात मरते, म्हणून उकळत्या पाण्यात घातलेली मोहरी फुकट जाते आणि कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवलेली झोंबते. एक टेबलस्पून पूड, जास्तीत जास्त दहा मिनिटे. पण संचात ती घेतलेली नाही. मोहरीने लागणारा गरमपणा थर्मामीटरवर दिसत नाही, तो कातडीच्या मज्जातंतूंना होणारा भास असतो. तळव्याची जाणीव कमी असलेल्याला पाणी किती गरम आहे ते कळत नाहीच, त्यात हा भास वर.

पुदिना उलट बाजूने घातक आहे. थंड लागते म्हणून माणूस गरम पाणी ओतत राहतो.

२६ ऑगस्ट

निपाणी. बिडीच्या कामातल्या कित्येक अक्का मिश्री लावतात. तंबाखूतले निकोटीन हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि आपण त्याच उघडायला बसलेलो असतो. मिश्री लावून लगेच पाय भिजवले तर पाय पाण्यात तेवढे गरम, बाहेर काढले की पुन्हा गार. पादस्नानाच्या आधी तासभर तरी मिश्री नको असे पत्रकात घातले. सोडा म्हणून सांगितल्याने कुणी सोडत नाही, तासभराचे मात्र ऐकतात.

दुसरे, बिडीला बसल्याने पाय अवघडलेले असतात. टबात बसल्या बसल्या टाच टेकवून पंजा वर, मग पंजा टेकवून टाच वर, वीस वेळा. पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. पाय पाण्यात नुसते लोंबकळत ठेवण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

३ सप्टेंबर

'रक्त खेळत नाही' या एका तक्रारीखाली सहा वेगळ्या गोष्टी येतात. पादस्नान त्यातल्या एकालाच पूर्ण लागू आहे. तपासणीची रीत:

दोन्ही पाय सारखे गार, नाडी लागते, उबेने गुलाबी होतात : पादस्नान चालेल. पायाची नाडी पाहायची ती पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या हाडांच्या फटीत, नाही सापडली तर आतल्या घोट्याच्या मागे. अंगठ्याचे नख पाच सेकंद दाबून सोडायचे, रंग तीन सेकंदांत परतायला हवा. गारठ्यात थोडा उशीर होतो, म्हणून खोलीत बसवून दहा मिनिटांनी पाहावे.

चालताना पोटरी धरते, थांबले की सुटते. कातडी चकचकीत, नडगीवरचे केस गेलेले, नाडी लागत नाही : गरम पाणी अजिबात नाही. उबेने पायाची रक्ताची मागणी वाढते आणि आणणारी वाट बुजलेली असते. डॉक्टरकडे.

शिरा फुगलेल्या, संध्याकाळी घोटे सुजतात : वडगावात मागावर उभे राहणाऱ्यांत हेच जास्त. गरम पाण्याने शिरा आणखी सैलावतात. त्यांना ३४-३५ अंशांचे पाणी, दहा मिनिटे, आणि नंतर पाय उशीवर उंच. खरे तर त्यांना टबापेक्षा पोटरीला घट्ट बसणारे मोजे उपयोगाचे.

साखर आहे, मुंग्या येतात, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते : नाही. भाजले तरी कळत नाही आणि जखम भरत नाही.

बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल : ३७ अंशांवर हळूहळू, आणि एकदा डॉक्टरला दाखवणे.

एकच पाय सुजला, दुखतो, गरम लागतो : पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळायचा नाही, भिजवायचा नाही, लगेच दवाखाना.

यात रक्तक्षय धरलेला नाही, कारण तो पायांच्या पलीकडचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या ४७.८ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पाय गार, चढाला दम आणि अंगावरून जास्त जाणे हे तीन एकत्र असतील तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायचे.

१० सप्टेंबर

पाळीच्या दुखण्याची गाळणी. वयात आल्यावर वर्ष-दोन वर्षांत सुरू झालेले, पाळीबरोबर येणारे आणि दोन-तीन दिवसांत जाणारे दुखणे असेल तर संच द्यायचा. तिशीच्या आसपास नव्याने सुरू झालेले, महिन्यागणिक वाढणारे, पाळी नसतानाही दुखणारे, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखणारे, ताप किंवा घाण वासाचा स्राव असलेले, तासाला पॅड भिजवणारे : संच न देता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. अशा बाईला पादस्नानाने थोडे बरे वाटले तर ती आणखी वर्षभर दुखणे अंगावर काढते. आम्हाला सगळ्यात जास्त भीती याचीच.

२३ सप्टेंबर

पाळीच्या दिवसांचा क्रम ठरला. अंग जड वाटू लागले की आदल्या संध्याकाळी एकदा. पहिल्या दिवशी संध्याकाळी एकदा, कळा जास्त असतील तर सकाळीही. प्रत्येक वेळी वीस मिनिटे, पोटावर गरम पिशवी, एक तांब्या पाणी आधी पिऊन. उपाशी बसायचे नाही. उठताना एक मिनिट खुर्चीतच थांबायचे, कारण पायांच्या रक्तवाहिन्या उघडलेल्या असतात आणि एकदम उठले की भोवळ येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. मग बेचके कोरडे पुसून, टाचेला खोबरेल, मोजे, आणि अंथरूण. एवढे करून बाहेरच्या गार फरशीवर भांडी घासायला बसले तर मिळवलेले दहा मिनिटांत जाते.

दुखण्याची गोळी पादस्नानासोबत चालते, जेवणानंतर. आम्लपित्ताचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारून.

पादस्नानाने अंगावरून जास्त जाते, ही समजूत बरीच दिसते. पायाला गरम पाणी लागल्याने रक्तस्राव वाढतो असे मानायला कारण नाही. काही घरांत पाळीत चुलीजवळ जात नाहीत. तिथे काढा दुसऱ्या कुणीतरी उकळून द्यावा लागतो, म्हणून पुडीवरची कृती घरातल्या कुणालाही वाचून करता येईल इतकी सोपी ठेवली. मराठी आणि कन्नड दोन्हीत. पाला ताजा की सुका, ते चित्रासकट.

७ ऑक्टोबर

लेबल. 'पाळीच्या त्रासावर रामबाण' असे छापून देण्याची सूचना छापखान्याकडून आली. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या कलम ३ खाली स्त्रियांचे पाळीचे विकार दुरुस्त होतील अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. रक्ताभिसरण सुधारते असा दावाही आम्ही करणार नाही. लेबलवर: 'पाय भिजवण्यासाठी सुगंधी पाला. पिण्यासाठी नाही.' घटक, वजन, भरल्याची तारीख, आणि कुणी वापरू नये ते मोठ्या अक्षरांत. बाकी सगळे तोंडी आणि पत्रकात.

१४ ऑक्टोबर

सामायिक टब धुणे. निर्गुंडीचा चिकट राप पाण्याच्या रेषेवर बसतो, नुसत्या पाण्याने निघत नाही. भांड्याच्या साबणाने घासून, मग लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून दहा मिनिटे, विसळून उन्हात पालथा. वापरलेले पाणी मीठ घातलेले असते, परसात तुळशीला किंवा भाजीला ओतायचे नाही, मोरीत.

मीठ कशाला, असे विचारले जाते. रक्ताभिसरणासाठी नाही. कातडी कमी सुरकुतते आणि घामट वास जातो, एवढेच. एप्सम सॉल्ट त्यापेक्षा जास्त काही करते आणि कातडीतून मॅग्नेशियम भरून काढते, याला पक्का आधार नाही. महाग मात्र आहे.

१८ नोव्हेंबर

साधे पाणी आणि काढ्याचे पाणी यांची तुलना करतो आहोत, दोन्ही ४२ अंशांवर, झाकून, वीस मिनिटे. दुखण्याचा आकडा ० ते १० मध्ये आधी, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी लिहून घेतो. वास आणि रंग लपत नाही, त्यामुळे काढा कुणाला मिळाला ते प्रत्येकीला कळते. ही तुलना आंधळी नाही आणि तिच्यावरून पाल्याबद्दल निकाल देता येणार नाही. पण नोंदवही चाळताना एक गोष्ट डोळ्यात भरते: जिथे पाणी मध्येच निवले तिथे काढा असूनही फारसे सांगण्यासारखे काही नाही, आणि जिथे ऊब टिकली तिथे साध्या पाण्यानेही पाय तासभर गरम राहिले. काढ्याच्या पाण्याला बसणाऱ्या वीस मिनिटे पुरी करतात, साध्या पाण्यातल्या लवकर उठतात. पाल्याचा हा उपयोगही काही कमी नाही.

२३ डिसेंबर

गारठा. पहाटे नळाचे पाणी १८ अंशांवर. जूनचे माप आता चालत नाही: १.७ लिटर काढा आणि बाकी नळाचे पाणी घेतले तर मिश्रण जेमतेम ३३. साडेपाच लिटर गार, काढा, आणि वर पाऊण लिटर उकळते पाणी, म्हणजे चाळीसच्या आसपास. पत्रकावर पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तीन रकाने छापायचे. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी २८ च्या पुढे जाते, तेव्हा काढा आणि ६.३ लिटर पाणी एवढ्यानेच ४० गाठते, वरून काही नको.

चुलीवर बंब असेल त्या घरी भर घालायला थर्मासची गरज नाही, पण बंबाच्या तोटीखाली टब ठेवून पाय आत घालून बसणे सक्त मना.

१३ जानेवारी २०२५

पुढच्या हंगामासाठी: निर्गुंडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तोडायला सुरुवात. करडईच्या पाकळ्या येत्या महिन्यात, फुले सुकून लालसर झाल्यावर, सकाळी दव असताना खुडायच्या, कारण उन्हात काटे ताठ होतात. हातमोजे हवेत. सुंठ एकदम न घेता तीन महिन्यांपुरती, रविवार पेठेतून, किड्यांची भोके पाहून. मलमलीच्या पिशव्या वडगावातच शिवून घ्यायच्या. जुन्या थर्मामीटरांपैकी एक बर्फात २ दाखवतो, तो बाद.